बेसबॉल : पंच एकटाच असेल तर उभं कुठे राहायचं

शालेय सामन्यात दुसरा पंच नसला की होम प्लेट (बॅटर जिथे मारायला उभा राहतो ती पाटी) आणि तिन्ही बेस एकालाच सांभाळावे लागतात. होम प्लेटपासून दुसरा बेस ३८.८ मीटरवर, म्हणजे सगळीकडे जवळ पोचणं होतच नाही. त्यामुळे आधी कोन साधा, अंतर नंतर बघा. आणि निर्णयाच्या क्षणी पाय थांबलेलेच हवेत. पळता पळता डोकं हलतं, बेस हलल्यासारखा दिसतो, आणि सेफ-आउटच्या निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

सामन्याआधी होम प्लेटपासून पहिल्या बेसच्या रेषेच्या आतल्या बाजूने दहा-बारा मीटर चालून या. आपल्याकडच्या काळ्या मातीत पाऊस सरला की भेगा पडतात, कडेला ढेकळं राहतात. नजर चेंडूवर असताना पाय त्यातच अडकतो. ढेकळं फोडून घ्या. फाऊल लाइनची (होमपासून पहिल्या आणि तिसऱ्या बेसकडे जाणाऱ्या हद्दरेषांची) फक्की बेसच्या पुढेही लांबपर्यंत ओढायला सांगा आणि टोकाला झेंडी रोवा, कारण लांबचा फेअर-फाऊलही (चेंडू हद्दीच्या आत की बाहेर) तुम्हालाच द्यायचा आहे.

पिचच्या, म्हणजे पिचरने चेंडू टाकण्याच्या, वेळी कॅचरच्या (प्लेटमागे चेंडू घेणाऱ्याच्या) मागे, बॅटर आणि कॅचर यांच्यामधल्या फटीत उभे राहा. हनुवटी कॅचरच्या हेल्मेटच्या वरच्या कडेइतकी. त्याहून खाली बसलात तर बाहेरचा खालचा कोपरा दिसत नाही.

बेसवर रनर नाहीत आणि ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा फटका) इन्फिल्डमध्ये, म्हणजे बेसच्या जवळच्या मैदानात गेला, की कॅचरच्या डावीकडून बाहेर पडा. उजवीकडून जाऊ नका, कॅचर पहिल्या बेसला बॅकअप द्यायला तिकडूनच धावतो. रेषेच्या दोन-तीन मीटर आत राहून नऊ-दहा मीटर पुढे या, आणि फिल्डरच्या हातून थ्रो सुटताच थांबा. नजर बेसवर आणि रनरच्या पायावर, कान ग्लोव्हच्या आवाजावर. इथे एक बारकावा आहे. तुम्ही बेसपासून १७-१८ मीटरवर असता, तेवढ्या अंतराला आवाज सुमारे ०.०५ सेकंद उशिरा पोचतो, आणि तेवढ्यात पळणारा मुलगा फूटभर पुढे सरकतो. पाय टेकलेला दिसला आणि आवाज नेमका त्याच क्षणी आला, तर चेंडू आधी पोचलेला असतो. आउट द्या.

चेंडू रेषेलगत गेला तर पुढे धावायचं नाही. दोन पाय रेषेच्या दोन बाजूंना टाकून आधी फेअर की फाऊल ते ठरवा. बंट (बॅट हलकेच लावून जवळ टाकलेला चेंडू) प्लेटसमोरच पडला तर मागेच, पहिल्या बेसच्या रेषेच्या सरळीत राहा. रनर थ्रोच्या आड येतो का, ते तिथूनच कळतं.

पहिल्या बेसवर रनर असेल तर दुसऱ्या बेसची चोरी (फटक्याची वाट न बघता पिचवरच पुढच्या बेसकडे पळणं) हा सगळ्यात अवघड निर्णय. आधी पिचचा कॉल (स्ट्राइक की बॉल) पूर्ण द्या, कॅचरचा हात मोकळा सुटू द्या, मग दोन-तीन पावलं पुढे सरकून थांबा. घाईत कॅचरच्या हाताला तुमचा धक्का लागला आणि त्या थ्रोवर रनर आउट झाला नाही, तर रनरला परत पाठवावं लागतं. एकटा पंच रनर असताना पिचरच्या मागेही उभा राहू शकतो, नियमात तशी मुभा आहे. पण तिथून स्ट्राइकची उंची नीट कळत नाही, म्हणून प्लेटमागेच राहावं असं आमचं मत.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या बेसवर रनर आला की प्लेट सोडू नका. रन तिथे होते. पहिल्या बेसचा निर्णय लांबून दिला तरी चालेल, होमचा नाही. होमवर टॅग (हातातल्या चेंडूने रनरला स्पर्श) होताना कॅचरची पाठ मध्ये येते. ग्लोव्ह आणि रनर यांच्यामधली फट दिसेल त्या बाजूला एक पाऊल सरका. उंच झेल लेफ्ट फिल्डला असेल तर झेल आधी की तिसऱ्या बेसवरून रनरचा पाय आधी सुटला, हे एकाच नजरेत दिसतं. राइट फिल्डला असेल तर आधी झेल बघा, लगेच तिसऱ्या बेसकडे मान वळवा.

दोन आउट असताना दुसरीकडे कुणी टॅग होत असेल, तर होम प्लेट डोळ्याच्या कोपऱ्यात ठेवा. तिसऱ्या आउटआधी रनरचा पाय प्लेटला लागला असेल तर रन धरायची. आउटचा इशारा झाला की लगेच स्कोअररकडे बोट करून ‘रन धरा’ किंवा ‘रन नाही’ हे मोठ्याने सांगा.