१८५१ ची पदकं जमवताय? या चुका टाळा

तांब्याचं भांडं काळवंडलं की आपला हात सवयीने चिंचेकडे जातो. पदकांच्या बाबतीत नेमकी हीच सवय घात करते. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनाची, म्हणजे देशोदेशीच्या कारखानदारीच्या त्या मोठ्या प्रदर्शनाची, अधिकृत पदकं ब्राँझची आहेत आणि त्यांचा चॉकलेटी रंग म्हणजे मळ नव्हे, तो मुद्दाम चढवलेला आहे. माझ्याकडे आलेलं पहिलं पदक मी पितांबरीने घासलं. त्यावरचा अल्बर्टचा, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या पतीचा, चेहरा लखलखीत झाला, पण केसांच्या रेघांत साठलेला गडदपणा गेला आणि विल्यम वायनने कोरलेला सगळा उठाव सपाट दिसू लागला. आजही ते हातात घेतलं की वाईट वाटतं. धूळ असेल तर मऊ ब्रशने झटका, तेवढंच पुरे.

दुसरी चूक म्हणजे कड न वाचणं. विक्रेते दोन्ही बाजूंचे फोटो टाकतात, कडेचा टाकत नाहीत. तो मागूनच घ्या, कारण खरा इतिहास तिथेच असतो. बक्षीसपदकाच्या कडेवर ते मिळवणाऱ्याचं नाव असतं. प्रदर्शकाच्या पदकावर नाव नसतं, फक्त देश, वर्ग आणि क्रमांक. तो क्रमांक प्रदर्शनाच्या अधिकृत कॅटलॉगमध्ये शोधला की कारखानदार सापडतो, त्याचं गाव सापडतं, त्याने काय मांडलं होतं तेही कळतं. कड कानशीने घासलेली असेल तर हा दुवाच तुटला. स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

कौन्सिल पदक पहिलं आणि बक्षीसपदक दुसरं, असं समजू नका. कौन्सिल पदकं १७०च दिली गेली, ती नव्या शोधासाठी किंवा नव्या कल्पनेसाठी. बक्षीसपदकं २,९१८ होती, ती मालाच्या आणि कारागिरीच्या दर्जासाठी. क्रिस्टल पॅलेसचं, म्हणजे प्रदर्शनाच्या काचेच्या इमारतीचं, चित्र असलेली पांढऱ्या धातूची पदकं मात्र प्रेक्षकांना विकलेली आठवण होती. ती जरूर जमवा, पण पुरस्कार म्हणून पैसे मोजू नका.

आता आपला पावसाळा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात पदक ठेवलं की काही वर्षांत हिरवट चिकट थर येतो. तो शुद्ध ॲसिटोनने निघतो. पण फिकट हिरवी भुकटी दिसली, टूथपिकने काढल्यावर पुन्हा आली, तर तो ब्राँझचा रोग आहे. क्षार आणि दमट हवा मिळून धातू आतून खातात. असं पदक लगेच बाकीच्यांपासून वेगळं काढा, सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवा आणि जाणकार संवर्धकाला दाखवा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, रबरबँडही नको.

परदेशातून मागवत असाल तर आणखी एक गोष्ट. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी आणि कलाकारागिरीच्या वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. त्यामुळे ‘नाही आवडलं तर परत पाठवू’ हे गृहीत धरू नका. शंका असेल ती पैसे भरण्याआधी विचारा, कडेचा फोटो समोर ठेवून.