रोझमेरी लावताय? या चुका टाळा

"काहून वाळलं हो भाऊ, पाणी तर रोज देतो!" दर पावसाळ्यात कोणी ना कोणी हे विचारतोच. अरे, रोज देतोस म्हणूनच वाळलं.

रोझमेरी म्हणजे सुवासिक पानांची एक झुडपी वनस्पती, मूळची भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ टेकड्यांवरची. ऊन तिला हवंच, दिवसाचं निदान ६ तास. सोसत नाही ती आपली काळी माती. ही माती भिजली की फुगते, मुळांपाशी हवा उरत नाही, मुळं कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, म्हणून रोप तहानल्यासारखं मान टाकतं आणि माणूस वरून आणखी एक तांब्या ओततो.

मीही यात पोळलोय. पहिल्या वर्षी २ फूट खड्डा खणला, काळी माती काढून रेती-मुरूम भरला, रोप लावलं आणि शेजाऱ्याला ऐटीत दाखवलं. जुलैत झड लागली. चौथ्या दिवशी पाहतो तर खड्ड्याचं टाकं झालेलं. पाणी रेतीत उतरलं, पण खालची, बाजूची चिकण माती त्याला पुढे जाऊ देईना. रोप उपटलं तर मुळांची साल बोटांनी निघाली आणि वास असा, की हात दोनदा धुतले. तेव्हापासून मी खड्डा करतच नाही. जमिनीवर हातभर उंच ओटा करतो: खाली फुटकी कवेलू (छपराची कौलं), मग मुरूम आणि रेती, त्यात थोडीशी माती, मूठभर जुनं शेणखत. पोरं म्हणतात, बाबानं समाधी बांधली. म्हणू द्या.

कुंडीत लावली असेल तर खालची थाळी आधी काढा. पाणी द्यायचं ते बोट दोन पेरं खुपसून, कोरडं लागलं तरच. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की नव्या रोपाला दुपारपुरती सावली करा आणि पाणी सकाळीच द्या.

युरिया टाकू नका. पाला माजतो, वास जातो.

बियांच्या नादी लागू नका, उगवण फार कमी. दिवाळीनंतर ४ इंचांचे कोवळे शेंडे घ्या, खालची पानं काढा, ओलसर रेतीत खोचा. महिना-दीड महिना लागतो. मुळं फुटली का म्हणून रोज उपटून पाहणाऱ्यांना मी काडी देतच नाही आता.

छाटणी हिरव्या भागातच करायची. खालच्या बिनपानाच्या लाकडावर कात्री चालवली तर तिथून बहुधा परत फुटत नाही. तुळस फुटते म्हणून हीही फुटेल, असं धरून आमच्या घरच्यांनी एक सुरेख झुडूप खराट्यागत करून ठेवलं होतं.