ईई-८ची जोडी बोलती करताना

टेलिफोन खात्यात लाइनमन होतो, आता मुलाकडे अमेरिकेत, कनेक्टिकटला असतो. इथल्या जुन्या बाजारात ईई-८ मिळतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या सिग्नल कोअरचा, म्हणजे दळणवळण विभागाचा, हा फील्ड टेलिफोन, मैदानात नेता येणारा. माझा एक इथल्याच मेरिडन गावातल्या कनेक्टिकट टेलिफोन अँड इलेक्ट्रिकचा, दुसरा शिकागोच्या ऑटोमॅटिक इलेक्ट्रिकचा. युद्धाची मागणी एका कारखान्याला झेपणारी नव्हती. सरकारी नमुना एकच, बनवणारे अनेक. त्यामुळे कंपनी बघून जोडी जमवू नका. पिशवी चामड्याची असेल तर माल आधीचा, कॅनव्हासची असेल तर बहुधा नंतरचा.

घरी आणल्याआणल्या सेल घालू नका. आधी हँडल फिरवा, हलकं फिरेल. मग तारेच्या तुकड्याने एल-१ आणि एल-२ ही बाहेरची तार जोडायची टर्मिनल एकमेकांना जोडा आणि परत फिरवा. आता जड लागलं तर मॅग्नेटो, म्हणजे हँडलने घंटेची वीज तयार करणारा भाग, जिवंत आहे, मीटरची गरज नाही. टर्मिनलला बोटं मात्र लावू नका. नातू हँडल फिरवत असताना मी लावली. इतकी वर्षं तारांत काढलेल्या माणसाने अशी किंकाळी मारायला नको होती.

सेलच्या जागी हिरवट खार साचलेला असतो. पत्र्याच्या पट्ट्या पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. मग टॉर्चचे दोन मोठे सेल घाला, अधिक-उणे बाजू बघून. एलबी-सीबीचा (लोकल बॅटरी-कॉमन बॅटरी) स्क्रू एलबीवर हवा, म्हणजे फोन स्वतःच्या सेलवर बोलतो.

दोन तारांनी एका फोनच्या एल-१ला दुसऱ्याचा एल-१, एल-२ला एल-२ जोडा. हँडल मारल्यावर आपली घंटा वाजत नाही, समोरची वाजते. नवखे इथेच फोन बिघडला म्हणून उघडून बसतात. ऐकताना काही दाबायचं नाही. बोलताना मात्र रिसीव्हरच्या दांड्यातला खटका दाबून धरायचा. सेल वाचावेत म्हणून ही सोय. आवाज घोगरा आला तर बोलायची बाजू तळहातावर हलकेच आपटा, आतले कोळशाचे कण घट्ट बसलेले असतात.

तार कमी पडली तर एल-१ ते एल-१ एकच ओढा आणि दुसऱ्या तारेचं काम जमिनीकडून करून घ्यायला दोन्हीकडचे एल-२ जमिनीत ठोकलेल्या लोखंडी सळईला बांधा. आवाज खोल गेला, तर सळईभोवती तांब्याभर पाणी ओता.