रविवारचं ओपन हाऊस कसं घ्यायचं (आणि शेजारच्या काकूंना का बोलवायचं)

आपल्याकडे ओपन हाऊस म्हटलं की लोकांना शाळेतलं आठवतं, पेपर बघायला जातात ते. मी म्हणतोय ते विकायचं घर एका ठरलेल्या वेळी सगळ्यांना एकदमच दाखवायचं. नवीन ब्रोकर मंडळींना सांगितलं तरी हसतात, म्हणतात हे अमेरिकेतलं फॅड इथे कोण करणार. मी पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, वारजे असा पट्टा बघतो, फक्त रिसेल, म्हणजे राहते जुने फ्लॅट, आणि मला विचाराल तर करा, जरूर करा.

आधी मीपण सगळ्यांसारखंच करायचो. पार्टीचा, म्हणजे घेणाऱ्याचा, फोन आला की ओनरला फोन, ओनर म्हणणार आज नको पाहुणे आलेत, उद्या या, उद्या पार्टीला वेळ नाही, अशी महिनाभर ओढाताण आणि शेवटी ओनर वैतागून चावी अजून चार ब्रोकरना देऊन मोकळा. आता मी पहिल्याच भेटीत सांगतो, रविवारी ११ ते १, ज्यांना यायचंय ते सगळे एकदमच येतील, बाकी आठवडाभर तुमची बेल वाजणार नाही. ओनरला हे भयंकर आवडतं, विशेषतः घरात म्हातारं माणूस किंवा दहावीचं पोर असेल तर.

आता खरं सांगतो, ओपन हाऊसला आलेल्या माणसाने तिथल्या तिथे टोकन, म्हणजे विसार, दिलं असं माझ्याकडे फार क्वचित झालंय. तरी मी करतो ते शेजाऱ्यांसाठी. बिल्डिंगमधे फ्लॅट विकायला निघालाय म्हटल्यावर सगळ्यांना एकच उत्सुकता, रेट काय काढला. म्हणून शनिवारी संध्याकाळी मी स्वतः वरच्या-खालच्या मजल्यावर बेल वाजवून सांगून येतो की उद्या या बघायला, घ्यायचा नसला तरी या. बाकीचे ब्रोकर शेजाऱ्यांना टाळतात, टाइमपास करतात म्हणून. अहो करू दे की! मागे एका बिल्डिंगमधे समोरच्या काकू आल्या, किचनचा ओटा बघितला, बाथरूमचे नळ सोडून बघितले, आमच्यापेक्षा प्रेशर चांगलंय म्हणाल्या, आणि जाताना दारात चप्पल घालता घालता हळूच विचारलं, आमचा किती जाईल हो? मुलगा बाहेर सेटल, यांना आता तीन मजले चढवत नाहीत. तो फ्लॅट चार महिन्यांनी माझ्याकडेच आला. कुठल्याच पोर्टलवर तो लीड मिळाला नसता.

तयारी काय करायची ते सांगतो. आधी सेक्रेटरींना कळवा, तोंडी नको, मेसेज टाका, आणि वॉचमनला आदल्या दिवशी वेळ सांगून ठेवा नाहीतर तो प्रत्येकाला गेटवर दहा मिनिटं उभं करतो आणि पार्टी गेटवरूनच चिडून वर येते. पार्किंग कुठे करायचं तेही त्यालाच विचारून ठेवा. पितृपक्षात ठेवू नका, आपला विश्वास असो नसो, माणसं येत नाहीत, गणपतीतही कोणाला वेळ नसतो. पश्चिमेची बेडरूम असेल तर मेमधे चार वाजता ठेवायचा शहाणपणा करू नका, पण कोणी विचारलं तर ऊन येतं हे सांगा, लपवून उपयोग नाही, तो माणूस परत संध्याकाळी येऊन बघणारच आहे.

घर आवरायला ओनरला दोन दिवस आधी सांगायचं. फार सजावट नको, पण बाल्कनीतल्या वाळत घातलेल्या चादरी, बेसिनखालची बादली आणि बंद पडलेली ट्यूब एवढं तरी. सकाळी मच्छी तळू नका हे मी आता स्पष्ट सांगतो. दागिने, लॅपटॉप, कागद सगळं कपाटात आणि कपाटाला कुलूप. आणि ओनरने शक्यतो बाहेर जावं. एकदा काका हट्टाने थांबले, मी पार्टीला हॉल दाखवतोय आणि काका मागून म्हणाले, "या भिंतीला आता ओल येत नाही बरं का." आता! पार्टीची नजर मग त्या भिंतीवरून हटेचना.

सगळ्यात जास्त वेळ फाइलवर घालवा. अ‍ॅग्रीमेंट, इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, कम्प्लिशन सर्टिफिकेट, मेंटेनन्स आणि टॅक्सची शेवटची पावती, सगळ्याच्या झेरॉक्स तुमच्या हातात असू द्या, वाटू मात्र नका. कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, स्वतः लेझरने मोजून घ्या कारण जुन्या अ‍ॅग्रीमेंटमधे बिल्टअप, म्हणजे भिंती धरून, लिहिलेला असतो आणि ओनर तिसराच आकडा सांगतो. कोथरूडसारख्या भागात पहिला प्रश्न रिडेव्हलपमेंटचं काय चाललंय हा असतो, त्यामुळे सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झालंय का हे आधीच विचारून ठेवा.

एक कागद मी कायम टेबलावर ठेवतो, वरच्या खर्चाचा. समजा ९० लाखाचा फ्लॅट. पुणे मनपा हद्दीत स्टॅम्प ड्यूटी सगळं धरून ७ टक्के, म्हणजे ६,३०,०००, रजिस्ट्रेशन ३०,०००. फक्त बाईच्या नावावर घेतला तर १ टक्का सूट, सरळ ९०,००० वाचतात, आणि हे वाचल्यावर नवरा-बायको एकमेकांकडे बघतात ते बघण्यासारखं असतं. सोसायटीचं ट्रान्सफर प्रीमियम २५,००० पेक्षा जास्त घेता येत नाही तेही लिहितो. ५० लाख किंवा त्यावर असल्यामुळे खरेदीदाराने ओनरच्या पैशातून १ टक्का टीडीएस कापायचा असतो. ओनर एनआरआय असेल तर मात्र हा १ टक्का विसरा, तिथे बराच जास्त कापावा लागतो, ओनरला आधीच सीएकडे पाठवा.

प्रत्यक्ष दिवशी दारात रजिस्टर, नाव, फोन, आत्ता कुठे राहता, एवढंच. लोन सँक्शन आहे का, आधीचं घर विकून घेणार का, हे रजिस्टरमधे लिहून घेऊ नका, बोलता बोलता काढा. एकावेळी दोन फॅमिली आत, बाकीच्यांना खाली थांबवा, खाली चार माणसं उभी दिसली की वरच्याला आपोआप घाई होते, यात फसवणूक काही नाही, माणसं खरीच आहेत. दुसरा ब्रोकर पार्टी घेऊन आला तर तोंड वाकडं करू नका, साइड बाय साइड ठरवा, त्याने त्याच्या पार्टीकडून घ्यावं, तुम्ही ओनरकडून. आणि घर दाखवताना बडबड कमी करा. हे हॉल आहे, हे किचन आहे असं सांगायची गरज नाही, दिसतंय त्यांना. गॅलरीत नेऊन दोन मिनिटं गप्प उभे रहा.

सोमवारी सकाळी प्रत्येकाला फोन, मेसेज नाही. काय आवडलं नाही हेच विचारा. सात जणांपैकी पाच जण रेट जास्त म्हणाले तर ते जसंच्या तसं ओनरला लिहून पाठवा, कारण "जरा कमी करा" हे तुम्ही म्हणालात तर तुम्ही वाईट, पाच पार्ट्या म्हणाल्या तर ओनर विचार करतो. माझ्याकडे एका ओनरने अशा यादीनंतर ३ लाख उतरवले, आधी महिनाभर ऐकत नव्हता.

कधी कधी कोणीच येत नाही. पाऊस, मॅच, काहीही. मग वॉचमनबरोबर चहा घ्या, कोणत्या मजल्यावरचा फ्लॅट बंद असतो ते त्याला विचारा.