साइड एक्झॉस्ट बसवण्यापूर्वी: किनाऱ्यावरच्या जुन्या स्पोर्ट्‌स कारसाठी तयारीची यादी

जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या दाराखालून, पुढच्या आणि मागच्या चाकांमधून सरळ गेलेली एक्झॉस्टची नळी पाहिली की ती आपल्याही गाडीला असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. रत्नागिरीजवळ खाडीकाठच्या एका गावात माझी एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार उभी असते आणि तिच्यासाठी मी हा विचार दोन पावसाळे केला. त्या काळात जे तपासले, मोजले आणि लोकांना विचारले, त्यातून ही यादी तयार झाली. नळीची मागणी नोंदवण्यापूर्वी ती पुरी करावी, कारण एकदा पैसे गुंतले की तपासणी मनापासून होत नाही. माझे मत आधीच सांगतो: मूळ स्वरूपात टिकलेल्या, चार सिलिंडरच्या आणि समुद्राजवळ राहणाऱ्या गाडीला साइड एक्झॉस्ट बसवू नये. परंतु प्रत्येक गाडीची अवस्था वेगळी असते, म्हणून ज्याने त्याने गाडीखाली शिरून स्वतःचा निर्णय घ्यावा.

सर्वप्रथम बॉनेट उघडून इंजिनाचा धूर कोणत्या अंगाने बाहेर पडतो ते पाहावे. ज्या गाड्यांमुळे या नळ्या प्रसिद्ध झाल्या त्यांपैकी बहुतेकांचे इंजिन व्ही-८ होते. शेव्हरोले कॉर्व्हेटला १९६५ साली साइड एक्झॉस्ट कारखान्यातूनच पर्याय म्हणून मिळू लागला, आणि ४२७ इंजिनाच्या शेल्बी कोब्राची तर तो ओळखच झाला. व्ही-८ इंजिनात चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा असतात आणि प्रत्येक रांगेचा मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला धूर एकत्र करून नळीत सोडणारा भाग, आपापल्या बाजूला उघडतो, त्यामुळे दोन्ही अंगांनी एकेक नळी काढणे हा तिथे सर्वांत जवळचा मार्ग असतो. एका रांगेत चार सिलिंडर असलेल्या इंजिनाची गोष्ट निराळी आहे. १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबीच्या १,७९८ सीसी इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड दोन्ही डाव्या अंगाला आहेत. अशा गाडीत नळी डावीकडे काढणेच सोपे पडते. उजवीकडे केवळ शोभेसाठी पोकळ नळी लावून जोडी पुरी करणे मला पटत नाही.

डाव्या अंगाची ही सोय आपल्याकडे कायद्यात अडते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ११२ व्या नियमाप्रमाणे मोटारीचा धूर खाली किंवा डाव्या बाजूला सोडता येत नाही; तो मागे किंवा उजवीकडेच सोडावा लागतो. आपण रस्त्याच्या डाव्या कडेने गाडी चालवतो आणि त्याच कडेने शाळेची मुले, मासळीची टोपली घेतलेल्या बायका आणि एसटीची वाट पाहणारी माणसे असतात, हे ध्यानात घेतले की हा नियम योग्यच वाटतो. ११३ व्या नियमाप्रमाणे इंधनाची नळी आणि एक्झॉस्टची नळी यांच्यात किमान ३५ मिलिमीटर अंतर लागते, आणि १२० व्या नियमाप्रमाणे आवाज कमी करणारा सायलेन्सर असावाच लागतो. हे तीन नियम छापून मेकॅनिकच्या हातात द्यावेत आणि काम सुरू होण्यापूर्वी त्याच्याशी त्यावर बोलून घ्यावे.

डावीकडचा धूर उजवीकडे नेऊ म्हटले तर नळी गिअरबॉक्सखालून आडवी न्यावी लागते, आणि मुळातच बुटकी असलेली गाडी तेवढी आणखी खाली येते. शिवाय आपल्या गाड्यांत चालक उजवीकडे बसतो, म्हणजे तापलेल्या नळीवरून रोज पाय टाकून उतरण्याची वेळ त्याच्यावरच येते.

कागदपत्रांची तयारी यानंतर करावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील ५२ वे कलम गाडीच्या नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि आवाज व धूर यांच्या मानकांचा भंग झाल्यास दंड १०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो. ज्यांची गाडी ५० वर्षांहून जुनी आहे त्यांनी २०२१ मध्ये आलेले व्हिंटेज नोंदणीचे नियम आवर्जून वाचावेत. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळवून देणारी ही नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि तिचे पहिले शुल्क २०,००० रुपये आहे. गाडी मूळ स्वरूपात असावी, तिची चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही तिची मुख्य अट आहे. नळीला जागा करण्यासाठी कोणी पुढच्या चाकामागचा पत्रा कापला, तर ही नोंदणी कायमची हातची जाण्याचा धोका त्याने पत्करलेला असतो. म्हणून परिवहन कार्यालयाला लेखी विचारावे, लेखी उत्तर घ्यावे, आणि विमा कंपनीलाही बदलाची सूचना आधीच द्यावी. न कळवलेल्या बदलामुळे पुढे भरपाई नाकारली जाऊ शकते.

आता गाडीखाली जावे. माझ्या दृष्टीने यादीतला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि तो घाईने करू नये. एमजीबीला वेगळी चासी नाही. सगळी ताकद पत्र्याच्या सांगाड्यात आहे, आणि त्या सांगाड्याचा कणा म्हणजे दाराखालची सिल. ही सिल एकात एक बसवलेल्या पत्र्यांची बनलेली असते आणि ती आतून कुजते, त्यामुळे बाहेरून रंग चकचकीत असतानाही आतली भिंत उरलेली नसते. दार उघडताना किंवा लावताना ते खाली उतरलेले वाटते का, दार आणि मागचा पत्रा यांच्यामधली फट वर आणि खाली सारखी आहे का, हे आधी पाहावे. मग जॅक लावून मागचा भाग उचलताना तीच फट बदलते का हे दुसऱ्या माणसाला पाहायला सांगावे. नंतर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सिलवर टोकटोक करत पुढून मागे जावे. चांगला पत्रा खणखणीत बोलतो आणि कुजलेला बद्द. बद्द आवाज आला तर साइड एक्झॉस्टचा विषय तिथेच थांबवून सिलच्या दुरुस्तीसाठी पैसे ठेवावेत.

सिल निरोगी असली तरी नळीचे ब्रॅकेट तिला भोक पाडून बसवू नयेत. किनाऱ्यावर प्रत्येक भोक हे खाऱ्या पाण्याला दिलेले दार असते, आणि सिलच्या पोकळीत शिरलेले पाणी सहजासहजी बाहेर येत नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर हलते आणि त्याच्याबरोबर एक्झॉस्टही हलतो, म्हणून मध्ये लवचीक सांधा आणि लटकवण्यासाठी रबराचे बुश हवेतच; ते नसल्यास मॅनिफोल्डला तडा जातो. नळी आणि सिल यांच्यात हात फिरेल एवढी मोकळी जागा ठेवावी, नाहीतर पावसाळ्यात तिथे लाल चिखल भरतो आणि दिवाळीपर्यंत ओलाच राहतो.

धातूची निवड हा कोकणात स्वतंत्र विषय आहे. साध्या लोखंडावर क्रोमचा मुलामा दिलेली नळी फोटोत सुंदर दिसते, पण मुलाम्याला सूक्ष्म छिद्रे पडली की खाली गंज पसरतो आणि मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो. ४०९ प्रतीचे स्टेनलेस कारखान्यातल्या सायलेन्सरसाठी वापरतात, परंतु त्यात क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपासच असते आणि वरून ते तांबूस होते. ३०४ प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. शहरात ते पुरते. समुद्राच्या मिठापुढे मात्र २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेले ३१६ अधिक टिकते. ते महाग आहे, पण घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर असेल तर त्याखेरीज दुसरे घेऊ नये. वेल्डिंग टिग पद्धतीचे असावे आणि मॅनिफोल्डच्या स्टडवर पितळी नट लावावेत, म्हणजे पुढच्या वेळी ते उघडताना स्टड तुटणार नाहीत.

नळी आतूनही गंजते, याकडे सहसा कोणाचे लक्ष नसते. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन पुरते तापले तर ही वाफ बाहेर पडते; पण गाडी बाजारापर्यंत नेऊन परत आणली, तर वाफ थंड नळीत पाणी होऊन साठते. मागच्या नळीला उताराची वळणे असतात, तर साइड एक्झॉस्ट जवळजवळ आडवा असतो आणि त्यातला सायलेन्सर बसका. म्हणून त्याच्या सर्वांत खालच्या जागी पाणी गळण्यापुरते बारीक छिद्र आहे का ते विचारावे, आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास सलग चालवणे आपल्याला जमणार आहे का, याचे खरे उत्तर स्वतःला द्यावे. मृगापासून नवरात्रापर्यंत माझी गाडी मांगरातून क्वचितच बाहेर निघते. माझ्या निर्णयात या एका गोष्टीचे वजन मोठे होते.

उष्णतेबद्दल बोलताना मी अधिक सावध होतो. चालत्या गाडीची एक्झॉस्ट नळी शंभर अंश सेल्सिअसच्या कितीतरी वर तापते. कोब्राच्या मालकांमध्ये पोटरीवरच्या या भाजण्याला सापाचा चावा असेच नाव पडले आहे. आपल्याकडे अंगणात गाडी उभी राहिली की वाडीतली मुले भोवती जमतात आणि ती उघड्या पायांनी असतात. गणपतीत आणि शिमग्यात पालखीच्या वेळी अरुंद पाखाडीजवळ उभ्या केलेल्या गाडीला लोक खेटून जातात. म्हणून नळीवर जाळीदार कवच असावे, कवच आणि नळी यांच्यात हवा खेळावी, आणि अर्धा तास गाडी चालवून आल्यावर ते कवच किती तापते हे थर्मामीटरने मोजून पाहावे. मुले ज्या घरात येतात-जातात तिथे कवचाशिवायची नळी असूच नये, याबाबत माझ्या मनात शंका नाही.

तापलेल्या नळीचा दुसरा धोका आगीचा आहे. फेब्रुवारीपासून मेपर्यंत आंब्याकाजूच्या बागांत पातेरा आणि सुके गवत गुडघाभर असते, आणि वणव्यात हाता-तोंडाशी आलेली कलमे जळाल्याचे दुःख कोकणात कोणाला सांगावे लागत नाही. साइड एक्झॉस्ट गवताच्या उंचीवर आणि गाडीच्या कडेला असतो, त्यामुळे रस्ता सोडून बागेच्या कडेला गाडी लावण्याची सवय बदलावी लागेल. गाडीत अग्निशामक नळकांडे ठेवावे. छत उघडे असणाऱ्या गाडीत नळीचे तोंड बसण्याच्या जागेच्या मागे असले पाहिजे. ते दाराशी संपत असेल तर धूर आत ओढला जातो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही की वास नाही.

आवाजाचे थोडक्यात सांगता येईल. १० डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट वाटते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्याभोवतीचे किमान १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात. साइड एक्झॉस्टचे तोंड कडेला असल्यामुळे जांभ्याच्या गडग्यांमधल्या अरुंद रस्त्यात आवाज भिंतीवर आपटून चालकाच्याच कानात परततो. पहाटे गाडी काढणाऱ्याने शेजाऱ्यांचा विचार करावा.

नळी मोकळी झाली की इंजिनात जाणाऱ्या हवेचे आणि पेट्रोलचे प्रमाणही बदलते, हे धरून चालावे. एसयू कार्ब्युरेटर असेल तर मिश्रण नव्याने लावावे लागते, कधी त्यातली पेट्रोलचे प्रमाण ठरवणारी सुईही बदलावी लागते. घाट चढून आल्यावर स्पार्क प्लग काढून पाहावेत. ते पांढरे पडले असतील तर मिश्रण पातळ आहे आणि व्हॉल्व्ह जळण्याची भीती आहे. आंबा घाटासारख्या लांब चढावर ही चाचणी चांगली होते. पीयूसीची तपासणी त्यानंतर करावी.

शेवटची तयारी सर्वांत स्वस्त आहे आणि मी ती प्रत्येकाला करायला सांगतो. नळसामानाच्या दुकानातून ९० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप आणावा, नळी जिथे येणार तिथे तेवढ्याच उंचीवर तो दोरीने घट्ट बांधावा, मूळचा एक्झॉस्ट तसाच ठेवावा आणि आठवडाभर नेहमीच्या रस्त्यांवर गाडी चालवावी. पाइपवर खडूचा हात फिरवून ठेवला की कुठे घासते ते लगेच दिसते. मी हे केले तेव्हा महामार्गावर काहीच घासले नाही. गावातल्या दोन गतिरोधकांवर मात्र पाइप टेकला, आणि जयगडच्या फेरीबोटीत चढताना, ओहोटी असल्यामुळे धक्का आणि रॅम्प यांच्यात कोन पडला तेव्हा, तो मधोमध दबून दोरीसकट सुटला. खऱ्या नळीच्या जागी तो धक्का मॅनिफोल्डला बसला असता. त्या संध्याकाळी मी विषय बंद केला आणि मूळची नळीच कायम ठेवली.

ज्यांची गाडी या सगळ्यातून पार पडेल त्यांनी काम अशा रीतीने करून घ्यावे की एका दिवसात सर्व काही पूर्ववत करता येईल: काहीही कापायचे नाही, सगळे सांधे क्लॅम्पचे ठेवायचे, आणि काढलेल्या मूळच्या भागांचे फोटो घेऊन त्यांना चिठ्ठ्या बांधायच्या. जुनी नळी कोरडी करून, आतून-बाहेरून तेलाचा हात देऊन, दोन्ही तोंडे कापडाने बंद करून माळ्यावर ठेवावी. खाली, भिंतीला टेकवून ठेवल्यास पावसाळ्यात जमिनीची ओल तिला लागते.