रानवनस्पतींवर अँटिऑक्सिडंटचा प्रकल्प करताय? या चुका टाळा

सत्तरी-काणकोणातून पानं आणायची, अर्क काढायचा, डीपीपीएच चाचणी लावायची (अर्कात अँटिऑक्सिडंट असले की ते डीपीपीएच या रसायनाचा जांभळा रंग घालवतात). गोव्यातल्या कॉलेजांत हा प्रकल्प नेहमीचाच. आकडे विचित्र आले की सगळे रसायनांना दोष देतात, पण घोळ बहुतेक वेळा पान सुकवतानाच झालेला असतो.

जुलैत इथल्या दमट हवेत सावलीत पसरलेलं पान आठवडाभरातही धड सुकत नाही. ते आधी मऊ पडतं, मग काळवंडतं, बुरशी धरतं. पान मरगळलं की पेशी फुटतात, त्यातलं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) मोकळं होतं आणि आपण जी फिनॉलं, म्हणजे पानातली अँटिऑक्सिडंट संयुगं, मोजायला निघालो तीच खाऊन टाकतं. म्हणून तोडल्या दिवशीच पानं धुऊन, टिपून, पातळ पसरून सुमारे ४० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा. चुरगाळल्यावर कुरकुरीत भुगा झाला तरच पूड करा. निकाल सुक्या वजनावर की ओल्या, हेही लिहा. ओल्या पानात बहुतांश पाणीच असतं, त्यामुळे दोन्ही आकड्यांत कित्येक पटींचा फरक पडतो.

दुसरी चूक नावाची. ‘ब्राह्मी आणा’ म्हटलं की कुणी एकपानी आणतं, कुणी खरी बाकोपा. एकपानीचं पान लांब देठावर, गोलसर, कडेला दातेरी. त्यात एशियाटिकोसाइड असतं. बाकोपाची पानं बारीक, मांसल, जोडीजोडीनं येणारी. त्यात बॅकोसाइडं असतात. दोन्ही एकाच पिशवीत गेली तर पुढची सगळी मेहनत वाया. फुलासह एक फांदी दाबून वाळवा आणि वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांकडून शास्त्रीय नाव पक्कं करून घ्या.

डीपीपीएचचा जांभळा रंग ५१७ नॅनोमीटरवर मोजतात. भिरंडाच्या (कोकमाच्या) सालीतल्या अँथोसायनिन या लाल रंगद्रव्याचं शोषणही त्याच्याच आसपास येतं. त्यामुळे डीपीपीएच विझला तरी यंत्र रंग शिल्लक दाखवतं आणि चांगला अर्क कमकुवत ठरतो. उपाय साधा आहे: प्रत्येक सांद्रतेला डीपीपीएचशिवाय नुसत्या अर्काचं वाचन घ्या आणि ते वजा करा. डीपीपीएचचं द्रावण रोज ताजं करा, अंधारात ठेवा.

एकूण फिनॉल मोजायच्या फोलिन-सिओकॅल्ट्यू चाचणीचा आकडा म्हणजे निव्वळ फिनॉल नव्हे; क जीवनसत्त्व आणि काही शर्करासुद्धा त्यात रंग देतात. आयसी-५० (डीपीपीएच निम्मा विझवायला लागणारी अर्काची सांद्रता) जितका कमी तितका अर्क प्रभावी, हे उलटं लिहिणारे अहवाल दरवर्षी दिसतात.

आणि कृपा करून ‘अमुक पान कर्करोगावर गुणकारी’ असा निष्कर्ष काढू नका. मिथेनॉलच्या अर्कानं परीक्षानळीत रंग घालवला, एवढंच सिद्ध झालेलं असतं. लोक घरी पितात तो पाण्यातला काढा. तो तपासायचा असेल तर त्याचा अर्क वेगळा काढा.

मोले, म्हादई, खोतीगाव ही अभयारण्यं आहेत. तिथून काही तोडायचं तर आधी वन खात्याची लेखी परवानगी घ्या. चाचणीला ओंजळभर पानं पुरत असतील तर अनंतमुळासारख्या वेली मुळासकट उपटू नका.