ग्रीन ऑफिसचं काम, तेही तालुक्याच्या गावात

"डिप्लोमा झाला, ग्रीन बिल्डिंगमध्ये काम करायचंय, मग पुण्यालाच जावं लागेल का?" सिव्हिल आणि आर्किटेक्चरची आमच्या भागातली पोरं हे हमखास विचारतात. जायचं तर जरूर जा, पण कमी विजेत थंड आणि हवेशीर राहणाऱ्या इमारतींचं काम इथेही आहे. मी वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या तालुक्यांत छोट्या ऑफिसांची कामं करतो. पतसंस्था, जिनिंगचं ऑफिस, शेतकरी उत्पादक कंपनीची इमारत अशी. काचेचे टॉवर इथे नाहीत. दोन हजार चौरस फुटांची एकमजली इमारत, वर उघडा स्लॅब आणि आत आठ-दहा माणसं, एवढाच मामला.

मालकासमोर विजेचं बिल घेऊन बसू नका. बिल कमी करून देतो म्हणणारे सोलरचे एजंट त्याच्याकडे आधीच येऊन गेलेले असतात आणि पतसंस्थेच्या अध्यक्षांचं उत्तरही ठरलेलं असतं: "बिल कमी येईन, थे ठीक हाय भाऊ, पन पयले पैसे कोन देईन?" त्यापेक्षा पगारपत्रक मागा. जेएलएल या मालमत्ता सल्लागार कंपनीचा ३-३०-३०० हा आडाखा या धंद्यात सगळीकडे ऐकू येतो: ऑफिसच्या दर चौरस फुटामागे वर्षाला वीज-पाण्यावर ३ डॉलर, भाड्यावर ३० आणि माणसांवर ३०० खर्च होतात. आपल्याकडे तो जसाच्या तसा लागू होत नाही. पगार कमी, भाडं नगण्य, त्यामुळे विजेचा वाटा मोठा दिसतो. पण सगळ्यात मोठा खर्च माणसांवरच होतो, हे बदलत नाही. समजा, पतसंस्थेत आठ जण आहेत आणि सरासरी पगार १५ हजार. म्हणजे महिन्याला १ लाख २० हजार. मे महिन्यात आठ तासांपैकी दुपारी २ ते ५ या तीन तासांत कामाचा वेग निम्म्यावर आला असं धरलं, तर साडेबावीस हजारांचा पगार नुसता घाम पुसण्यात गेला. बिल १५ हजार असेल आणि तुम्ही ते अर्धं केलंत, तरी साडेसातच वाचतात. हा हिशेब कागदावर मांडला की अध्यक्ष खुर्ची पुढे ओढतात.

आणि वेग खरंच जातो का, हे बघायला कॅशियरच्या पिंजऱ्यात जा. तीन बाजूंनी काच, पुढे छोटी खिडकी आणि पंखा बंद, कारण लावला की नोटा उडतात. कूलरची हवा तिथवर पोचत नाही आणि पोचली तर पासबुकं मऊ पडतात. ताई मानेवर ओला रुमाल टाकून बंडल मोजते, मशीनवर एकदा आणि विश्वास नाही म्हणून हाताने पुन्हा. रांगेतलं गिऱ्हाईक बाहेर टिनाखाली उभं. उपाय फार साधा निघतो: पिंजऱ्याच्या भिंतीत वरच्या बाजूला एक्झॉस्ट पंखा आणि खाली जाळी, म्हणजे हवा टेबलावरून न जाता वरून निघून जाते. असली कामं कुठल्याही अभ्यासक्रमात नाहीत.

माणसांच्या फायद्याबद्दल बोलताना हार्वर्डच्या २०१५ च्या अभ्यासाचा दाखला सगळे देतात. हवा खेळती आणि रासायनिक वाफा कमी असलेल्या दिवशी लोकांचे निर्णयक्षमतेचे गुण ६१ टक्क्यांनी, आणि बाहेरची हवा आणखी वाढवली तेव्हा १०१ टक्क्यांनी जास्त आले. आकडे खरे आहेत, पण माणसं २४ होती आणि जागा प्रयोगासाठी मुद्दाम तयार केलेली होती. मालकाला "तुमचं काम दुप्पट होईल" असं सांगून स्वतःचं हसं करून घेऊ नका. त्यातला कामाचा भाग वेगळाच आहे. आपल्याकडचा साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही, आहे तीच फिरवतो. संचालक मंडळाची मीटिंग दारं लावून तासभर चालली की जांभया का सुरू होतात, ते कार्बन डायऑक्साइडचं मीटर टेबलावर ठेवून दाखवा. मीटर काही हजारांत येतं. स्वतःचं घ्या. सोबत भिंतीचं तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन आणि तापमान आपोआप नोंदवत राहणारे दोन-तीन डेटा लॉगरही असू द्या.

आता उन्हाचं. एकमजली इमारतीत सगळ्यात जास्त उष्णता स्लॅबमधून येते, त्यामुळे आधी छत, मग भिंती. चुन्याचा पांढरा थर सगळ्यात स्वस्त, पण दरवर्षी मार्चमध्ये नव्याने द्यावा लागतो. चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर, महाग, पण टिकतं. कवेलू, म्हणजे मातीची कौलं, थंड असतं हे खरं, पण वानरं ते ठेवत नाहीत. गावोगाव टिनाचे पत्रे आले त्यात वानरांचाही हात आहे, हे पुस्तकवाल्यांना पटत नाही.

खिडक्यांच्या बाबतीत पुस्तकातला नियम असा की दक्षिणेला छज्जा द्या, उत्तर बाजू सुरक्षित. नागपूर साधारण २१ अक्षांशावर आहे, म्हणजे मेअखेर आणि जूनमध्ये दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला गेलेला असतो आणि मावळतो तो वायव्येकडे. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात चार वाजता ऊन पश्चिमेच्या भिंतीवर तर येतंच, शिवाय उत्तरेच्या खिडकीतूनही तिरपं आत घुसतं. आडवा छज्जा तिथे निरुपयोगी, उभी पडदी लागते. एका बँकेच्या शाखेने रस्ता पश्चिमेला म्हणून दर्शनी बाजू अख्खी काचेची केली. आता आतून थर्माकोल लावून, दिवसा ट्यूबलाइट लावून बसतात.

कूलरला कमी लेखू नका. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि हवा कोरडी असते, तेव्हा चांगला कूलर ३० च्या आतली हवा देतो, एसीपेक्षा कितीतरी कमी विजेत. अट एकच, समोरची खिडकी उघडी हवी. लोक एसीसारखं सगळं बंद करून बसतात आणि मग चिकचिक होते म्हणून कूलरला शिव्या देतात. पाऊस लागला की मात्र त्याचा उपयोग संपतो, तेव्हा पंखाच. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास, जुना ७५ वॅटचा. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक भानगड आहे: बोअरचं पाणी कूलरला लावलं की पॅडवर क्षाराचे थर बसतात आणि हवा अडते. तिथे छताचं पावसाचं पाणी टाकीत साठवणं हा खर्च मालक पटकन मान्य करतो. हजार चौरस फूट छतावर ७५० मिलिमीटर पाऊस पडला, तर गळती-सांडणी वजा जाता ५० हजार लिटर तरी मिळतं. सगळं साठवायला टाकी पुरणार नाही, पण जेवढं साठेल तेवढं कूलरच्या कामी येतं.

शिकायला सेवाग्रामला एक दिवस द्या. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले, तेव्हाची माती, बांबू आणि कवेलूची घरं अजून उभी आहेत. बापू कुटीच्या शेजारचं दफ्तर बघा. तेही ऑफिसच होतं, तिथून देशभरचा पत्रव्यवहार चालायचा. एप्रिलच्या दुपारी जा आणि गन लावून बाहेरची नि आतली भिंत मोजा. भक्तिभावाने नव्हे, खाली आलेली वळचण आणि ओसरी काय काम करते ते बघायला.

परीक्षांचं थोडक्यात. आयजीबीसी आणि गृहा या ग्रीन इमारतींना मानांकन देणाऱ्या संस्था. आयजीबीसीची एपी ही व्यावसायिकांची परीक्षा आणि गृहाचं प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जात कामाला येतात, तालुक्यातला मालक ते विचारत नाही. शंभर किलोवॅटच्या आत वीजजोडणी असलेल्या ऑफिसला ऊर्जा संवर्धन इमारत संहिता सहसा लागूही होत नाही. मला विचाराल तर बीईई या केंद्र सरकारच्या ऊर्जा बचतीच्या संस्थेची ऊर्जा लेखापरीक्षकाची परीक्षा द्या. चार पेपर आहेत, जड आहेत. पदवीधर इंजिनिअरला तीन वर्षांचा अनुभव लागतो, डिप्लोमाला सहा. तोवर इमारतीला किती ऊर्जा लागेल याचा हिशेब करणारं एनर्जीप्लस हे मोफत सॉफ्टवेअर नागपूरची हवामानाची फाइल घालून चालवत राहा.

सोलर शेवटी लावा. आधी भार कमी झाला की पॅनेलही कमी लागतात. आणि पीएम सूर्यघर या केंद्राच्या सोलर योजनेचं अनुदान घरांसाठी आहे, ऑफिसला नाही, हे मालकाला पहिल्याच भेटीत सांगा. आयकर भरणाऱ्या धंद्याला सोलरवर ४० टक्के घसारा, म्हणजे करपात्र नफ्यातून वजावट, मिळतो, तो त्याच्या सीएकडून तपासून घ्यायला लावा.

फी मागताना कचरू नका, पण पहिल्या कामात ती दोन भागांत घ्या. अर्धी नकाशा देताना, अर्धी पुढच्या मे महिन्यात, त्याच जागी त्याच वेळी पुन्हा तापमान मोजून दाखवल्यावर. तो कागद पुढच्या गावातल्या अध्यक्षांसमोर ठेवायला लागतोच.